मोबाइल काढून घेण्याआधी

आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये एक लोखंडी कपाट आहे. त्याच्या खालच्या खणात पूर्वी नकाशे आणि खडूचे खोके असत. आता तिथे मोबाइल असतात. शाळेत मोबाइल आणायचा नाही, सापडला तर तो कपाटात जमा होईल आणि पालक स्वतः आल्याशिवाय परत मिळणार नाही, असा नियम आहे. हा नियम आम्ही शिक्षकांनीच सुचवला, पालकसभेत मंजूर करून घेतला आणि गेली काही वर्षे इमानदारीने पाळला.

गेल्या वर्षी जुलैत नववीच्या वर्गात आमचा मराठीचा तास चालू होता. तिसऱ्या बाकावरची एक मुलगी मान खाली घालून बसली होती. हुशार मुलगी. उर्दू इम्ला स्वच्छ, मराठी निबंधात जोडाक्षरांची चूक क्वचित. जवळ गेलो तर ओढणीखाली मोबाइल. आम्ही हात पुढे केला. तिने फोन दिला आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, अब्बू को मत बताना."

हे वाक्य आम्ही वीस वर्षांत शेकडो वेळा ऐकले आहे. प्रत्येक मूल हेच म्हणते. आम्ही फोन कपाटात ठेवला, वडिलांना निरोप पाठवला. ते संध्याकाळी गॅरेजमधून तसेच आले, हाताला काळे तेल लागलेले. त्यांनी सही केली, फोन खिशात टाकला आणि एक शब्दही न बोलता निघून गेले.

दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. आठवडा झाल्यावर आम्ही तिच्या मैत्रिणीला विचारले. ती म्हणाली, "मॅडम, तिची शाळा बंद झाली."

त्या घरी आम्हाला काय कळले

अकराव्या दिवशी आम्ही आणि आमच्या एक सहकारी तिच्या घरी गेलो. तिच्या दादींनी चहा ठेवला. मुलगी आतल्या खोलीच्या दाराशी उभी होती. अम्मी बोलताना सारख्या रडत होत्या. हळूहळू सारा प्रकार समोर आला.

उन्हाळ्यात मामेबहिणीची शादी झाली होती. मेहंदीच्या दिवशी अम्मींनी लेकीचा फोटो काढला आणि स्वतःच्या व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला ठेवला. लेक छान दिसत होती, कोणत्या आईला कौतुक वाटणार नाही? त्यांच्या फोनमध्ये नातेवाईक, शेजारी, बचत गटातल्या बायका, दूधवाला, शिलाईच्या गिऱ्हाइकणी, असे दोन-अडीचशे नंबर. स्टेटस चोवीस तासांनी आपोआप जाते, म्हणून त्यांना त्यात काही वावगे वाटले नाही. पण तेवढ्या वेळात कुणीतरी त्याचा स्क्रीनशॉट घेतला आणि त्या मुलीच्या नावाने इन्स्टाग्रामवर खोटे खाते उघडले. त्या खात्यावरून तिच्या वर्गातल्या आणि मोहल्ल्यातल्या मुलांना दोस्तीचे संदेश जाऊ लागले.

मुलीला हे मैत्रिणीकडून कळले. घरी सांगायची हिंमत झाली नाही. भावाचा जुना फोन तिने दप्तरात लपवून शाळेत आणला, कारण त्या खात्यावर आज काय आले आहे हे पाहिल्याशिवाय तिला बसवत नव्हते. आमच्या तासाला ती रील पाहत नव्हती. आपल्या नावाने दुसरे कोण काय बोलते आहे, ते पाहत होती.

फोन घरी गेल्यावर वडिलांनी तो उघडला. खाते दिसले, मुलीचा फोटो दिसला, मुलांची उत्तरे दिसली. हे सारे आपल्या मुलीचेच आहे, असे त्यांनी धरून चालले. मुलगी "ते माझे नाही" म्हणत राहिली आणि कुणी ऐकले नाही. शाळा बंद झाली. एका नातेवाइकाने तर स्थळही सुचवले होते. ती चौदा वर्षांची होती.

आम्ही मान खाली घालून ऐकत होतो. नियम पाळण्यात आमची चूक नव्हती. पण ज्या मुलीने वर्षभरात एकदाही तक्रारीची वेळ आणली नाही, ती अचानक फोन का आणते, हा एक प्रश्न विचारायला आम्हाला दोन मिनिटे लागली असती. तो आम्ही विचारला नाही.

ते खाते कसे बंद झाले

पुढे जे केले ते प्रत्येक पालकाला माहीत असावे, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी त्या खात्याचे स्क्रीनशॉट घेतले. खात्याचे नाव, फोटो, पाठवलेले संदेश, तारीख आणि वेळ, सारे. घाबरून सगळे पुसून टाकायची घाई बहुतेक जण करतात आणि पुरावाच नाहीसा होतो. मग इन्स्टाग्रामवरच्या तक्रारीच्या सोयीतून, दुसऱ्याच्या नावाने खोटे खाते उघडल्याची तक्रार केली. ही तक्रार जिच्या नावाने खाते आहे ती स्वतः करू शकते आणि मुलांच्या बाबतीत पालकही करू शकतात. केंद्र सरकारचे माहिती तंत्रज्ञान नियम २०२१ मध्ये आले, तेव्हा त्यांत अशा तोतयेगिरीच्या तक्रारीवर कंपनीने चोवीस तासांत कारवाई करावी, अशी तरतूद होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते खाते नाहीसे झाले.

सोबत राष्ट्रीय सायबर गुन्हे तक्रार पोर्टलवरही तक्रार नोंदवली. या पोर्टलवर महिला आणि मुलांविषयीच्या तक्रारींसाठी वेगळा विभाग आहे. वडील आधी तयार नव्हते. "पोलिसांत गेलो तर अजून बदनामी," हे त्यांचे म्हणणे. तेव्हा दादी म्हणाल्या, "पोरीनं केलं नाही तर बदनामी कुणाची? ज्यानं केलं त्याची." त्यावर वडील उठले.

खाते उघडणारा सापडायला वेळ लागला नाही, कारण तो स्वतःच मित्रांत फुशारकी मारत होता. दुसऱ्या शाळेत दहावीत शिकणारा, त्याच गल्लीतला मुलगा. त्याच्या आईचा नंबर मुलीच्या अम्मींच्या फोनमध्ये होता, म्हणून स्टेटस तिथे दिसले. त्याने आईच्याच फोनवरून स्क्रीनशॉट घेतला आणि आईच्याच फोनवर खाते उघडले. पोलिसांनी वडिलांसमक्ष समज दिली तेव्हा तो एकच सांगत होता, "मजाक था."

यात एक गोष्ट आमच्या मनात घर करून राहिली. या दोन्ही मुलांकडे स्वतःचा फोन नव्हता. मुलाला फोन घेऊन दिला नाही म्हणजे आपले घर सुरक्षित, असे मानणाऱ्यांतलीच ही दोन्ही घरे. फोटो ठेवला आईने, खाते उघडले आईच्या फोनवर. मुले ज्या दारातून आत गेली, ते दार मोठ्यांच्या हातात होते.

फोन त्यांच्या हातात दिला कुणी?

पालकसभेत आम्ही शिक्षक बोलायला लागलो की पालक हसतात आणि म्हणतात, "मॅडम, तुम्हीच तर सांगितलं होतं फोन घ्या." त्यांचे खरे आहे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, शाळा बंद झाल्या आणि अभ्यास व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर आला. ज्यांच्या घरी एकच साधा फोन होता, त्यांना आम्हीच सांगितले की काहीही करा, पण मुलाचे वर्ष वाया घालवू नका. कुणी बकरी विकली, कुणी भिशीचे पैसे उचलले, कुणी कानातले मोडले. त्याच वर्षी २९ जूनला सरकारने टिकटॉकवर बंदी घातली आणि जुलैत इन्स्टाग्रामने भारतात रील्स सुरू केल्या. अभ्यासासाठी आलेला फोन आणि रील्स, दोन्ही एकाच पावसाळ्यात घरात शिरले. शाळा उघडल्या, पण फोन परत गेला नाही.

आज काय चित्र आहे? 'असर' या सर्वेक्षणाच्या २०२४ च्या अहवालात ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वर्षांच्या मुलांची पाहणी आहे. त्यातली सुमारे ८२ टक्के मुले स्मार्टफोन वापरू शकतात. त्यांच्यापैकी ५७ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात अभ्यासाच्या काही कामासाठी तो वापरला होता, तर ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी. त्याच अहवालात आणखी एक आकडा आहे, तो आम्हाला जास्त महत्त्वाचा वाटतो. समाजमाध्यम वापरणाऱ्या या मुलांपैकी एखाद्या त्रास देणाऱ्या खात्याला अडवायचे किंवा त्याची तक्रार कशी करायची, हे ६२ टक्क्यांना माहीत होते आणि आपले खाते खासगी कसे ठेवायचे, हे सुमारे ५५ टक्क्यांना. म्हणजे बाकीची मुले दाराला कडी कशी लावतात हे न कळताच रस्त्यावरच्या घरात राहायला गेली आहेत.

मुले फोन खाली का ठेवत नाहीत?

"आमचं पोरगं ऐकतच नाही," असे प्रत्येक पालक म्हणतो. त्यात केवळ मुलाचा हट्ट नसतो. हे यंत्रच तसे बनवलेले आहे.

पूर्वी पुस्तकाचे पान संपायचे, प्रकरण संपायचे, वर्तमानपत्र संपायचे. संपले की माणूस उठायचा. फोनवर बोट वर सरकवत राहिले की मजकूर संपतच नाही. ही युक्ती २००६ मध्ये अझा रास्किन या तंत्रज्ञाने तयार केली आणि पुढे त्याने स्वतःच तिच्याबद्दल खंत व्यक्त केली. २००९ मध्ये फेसबुकवर 'लाइक'चे बटण आले आणि आपण लोकांना किती आवडतो हे आकड्यात मोजता येऊ लागले. मोठ्या माणसालाही हा आकडा अस्वस्थ करतो. चौदाव्या वर्षी तर आरशातला चेहराही रोज वेगळा वाटत असतो. त्या वयात शंभर जणांनी पाहिले आणि नऊ जणांनीच पसंत केले, हे ओझे केवढे असेल?

कंपन्यांना हे माहीत नव्हते असेही नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये 'वॉल स्ट्रीट जर्नल' या अमेरिकी वृत्तपत्राने फेसबुकची अंतर्गत कागदपत्रे प्रसिद्ध केली. ज्या किशोरवयीन मुलींना आपल्या शरीराविषयी न्यूनगंड होता, त्यांच्यातल्या साधारण तीनपैकी एकीचा त्रास इन्स्टाग्राममुळे वाढतो, असे कंपनीच्या स्वतःच्याच अभ्यासात आढळले होते. मे २०२३ मध्ये अमेरिकेचे सर्जन जनरल विवेक मूर्ती यांनी याच विषयावर जाहीर इशारा दिला. दिवसाला तीन तासांपेक्षा जास्त वेळ समाजमाध्यमांवर घालवणाऱ्या मुलांत चिंता आणि उदासीनतेसारख्या त्रासांचा धोका दुप्पट दिसतो, असे त्यात म्हटले होते. या माध्यमांतून काही मुलांना आधार आणि मैत्री मिळते, हेही त्याच इशाऱ्यात मान्य केले होते.

ही दुसरी बाजू आम्हीही पाहतो. आमच्या एका विद्यार्थिनीने घरी बसून मोबाइलवर पाहत गणिताचा अवघड भाग समजून घेतला. एक मुलगा खुशखती, म्हणजे सुंदर अक्षरलेखन, फोनवरूनच शिकला आणि आता शाळेच्या फलकावरचा उर्दू सुविचार तोच लिहितो. म्हणून 'फोन म्हणजे सैतान' हे वाक्य मुलांसमोर बोलू नये, असे आम्हाला वाटते. मुलांना त्यातले खोटेपण लगेच कळते, कारण तोच सैतान अब्बूंच्या हातात रात्री साडेबारापर्यंत असतो.

मुलगा आहे, त्याला काय धोका?

मुलीच्या फोनवर बारा नजरा आणि मुलाच्या फोनवर एकही नाही, अशी घरे आम्ही रोज पाहतो. यात मुलांचेही नुकसान आहे.

मुलग्यांच्या बाबतीत एक फसवणूक सर्रास चालते. अनोळखी मुलीच्या नावाने मैत्री होते, गोड बोलणे होते, मग व्हिडिओ कॉल येतो. तो रेकॉर्ड करून, हवा तसा जोडून धमकी येते, "पैसे पाठव, नाहीतर तुझ्या घरच्या सगळ्यांना पाठवतो." एकदा पैसे दिले की मागणी थांबत नाही, वाढतच जाते. सोळा-सतरा वर्षांचा मुलगा लाजेपायी कुणाला सांगत नाही. घरातून पैसे जाऊ लागतात, तो जेवत नाही, मित्रांना टाळतो. अशी लक्षणे दिसली तर मारझोड करण्याआधी दार लावून शांतपणे विचारावे.

दुसरा धोका स्टेटसचा. तो आपल्या घरांना अधिक जवळचा आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरला दोन तरुणींना अटक झाली होती. एकीने फेसबुकवर काही लिहिले होते, दुसरीने ते फक्त पसंत केले होते. ज्या ६६-अ कलमाचा त्या प्रकरणात बराच बोलबाला झाला, ते सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये रद्द केले. पण धार्मिक भावना दुखावणे आणि समाजात तेढ निर्माण करणे याविषयीची कलमे आजही भारतीय न्याय संहितेत आहेत. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात काही जणांच्या मोबाइल स्टेटसवरून वातावरण पेटले, बंद झाला, दगडफेक झाली, इंटरनेट बंद ठेवावे लागले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सातारा जिल्ह्यातल्या पुसेसावळीत समाजमाध्यमावरच्या मजकुरावरून जमाव चालून गेला आणि एका निरपराध तरुणाचा जीव गेला. दुकाने आणि घरे ज्यांची जळतात, त्यांनी ते स्टेटस कधी पाहिलेलेही नसते.

म्हणून आम्ही वर्गात मुलांना एक सवय लावतो. कुठलाही मजकूर पुढे पाठवण्याआधी तीन प्रश्न: हे कुणी लिहिले? खरे आहे हे मला कशावरून कळले? हे उद्या चौकात माझ्या नावासह मोठ्याने वाचले तर चालेल का? कुरआनच्या सूरह हुजुरातमध्ये बातमी आली की आधी तिची शहानिशा करण्याची ताकीद आहे. त्याच सूरहमध्ये दुसऱ्याची टिंगल, त्याच्यावर वाईट शंका, त्याची टेहळणी आणि पाठीमागे निंदा, यांपासून दूर राहायला सांगितले आहे. मुले ही सूरह मकतबमध्ये पाठ करतात. फोनवर बोट ठेवतानाही ती लागू होते, हे मात्र त्यांना कुणी सांगत नाही. ज्या मुलाने शेजारच्या मुलीचे खोटे खाते उघडले, त्याचे पठण मोहल्ल्यात नावाजलेले होते.

मग घरात काय करावे?

सगळ्यात आधी मुलांना एक शब्द द्यावा. "तुझ्याकडून चूक झाली किंवा दुसऱ्याने तुझ्याशी वाईट केले, तरी तू आम्हाला सांग. सांगितल्याबद्दल तुझी शाळा बंद होणार नाही." हे वाक्य मोठ्याने, आई आणि वडील दोघांनी मिळून, वेळ चांगली असताना बोलून ठेवावे. प्रसंग आल्यावर ते सुचत नाही. धमकी देणारा माणूस मुलीला दुसऱ्या कुठल्या गोष्टीने बांधून ठेवत नाही. 'घरी कळले तर तुझी शाळा जाईल,' एवढ्याच भीतीवर त्याचे सारे चालते. ती भीती आपण काढून घेतली की त्याच्या हातात काही उरत नाही.

दुसरी गोष्ट, घराची एक वेळ ठरवावी. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये हे करून दाखवले. रोज संध्याकाळी सात वाजता गावात भोंगा वाजतो. साडेआठपर्यंत टीव्ही आणि मोबाइल बंद, मुले अभ्यासाला बसतात, मोठी माणसे एकमेकांशी बोलतात. आपल्याकडे वेळ सांगायला वेगळ्या भोंग्याची गरजच नाही. मगरिबपासून इशापर्यंतचा वेळ घ्यावा. दाराजवळ एक टोपली ठेवावी आणि त्यात पहिला फोन वडिलांचा पडावा. आम्ही हे स्वतःच्या घरी सुरू केले तेव्हा पहिले चार दिवस सर्वांत जास्त तळमळ आमचीच झाली, हे कबूल करतो. पाचव्या दिवशी दस्तरखानावर धाकट्याने शाळेतली एक गोष्ट सांगितली. ती तीन महिन्यांपूर्वीची होती. एवढे दिवस सांगायला त्याला जागाच मिळाली नव्हती.

तिसरी गोष्ट, वयाची. इन्स्टाग्रामवर खाते उघडायला किमान तेरा वर्षे पूर्ण असावी लागतात. चौथी-पाचवीतल्या मुलांची खाती आईवडिलांनीच खोटी जन्मतारीख टाकून उघडून दिलेली आम्ही पाहिली आहेत. तिथेच मुलाने पहिला धडा घेतला की इथे खोटे चालते. शिवाय २०२४ पासून इन्स्टाग्रामने किशोरवयीन मुलांसाठी वेगळी खाती आणली आणि २०२५ मध्ये ती भारतातही सुरू झाली. ती आपोआप खासगी राहतात, अनोळखी माणसाला थेट संदेश पाठवता येत नाही आणि सोळा वर्षांखालच्या मुलांना हे निर्बंध सैल करायला पालकांची परवानगी लागते. जन्मतारीख खोटी टाकली की या संरक्षणाला आपले मूल मुकते. ऑस्ट्रेलियाने तर कायदाच करून १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्या मुलांना मोठ्या समाजमाध्यमांवर खाते ठेवायला बंदी केली. आपल्याकडे २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची संमती घेण्याची तरतूद आहे. पण कायदा कितीही कडक असला, तरी तो आपल्या माजघरात येऊन बसणार नाही.

चौथी गोष्ट आईवडिलांनी स्वतःच्या फोनची. मुलांचे फोटो स्टेटसला ठेवायचेच असतील, तर ते कुणाला दिसावेत हे निवडण्याची सोय व्हॉट्सअ‍ॅपमध्ये आहे. दूधवाल्याला आपल्या मुलीची मेहंदी दिसण्याचे काही कारण नाही. मुलगी दहा-बारा वर्षांची झाली की फोटो ठेवण्याआधी तिलाच विचारावे. आपण तिला विचारले, तर आपली परवानगी विचारली जाण्यासारखी गोष्ट आहे, हे तिला कळेल आणि पुढे दुसऱ्या कुणी फोटो मागितला तर नाही म्हणायला ती शिकेल.

आणि काही क्रमांक प्रत्येक घरात भिंतीवर लिहून ठेवावेत. सायबर फसवणुकीसाठी १९३०. संकटातल्या मुलांसाठी १०९८. मनावर ताण असेल, झोप लागत नसेल, नको ते विचार येत असतील तर केंद्र सरकारची 'टेलिमानस' सेवा, १४४१६. तातडीची मदत हवी असेल तर ११२. धमकी आली तर पैसे पाठवू नयेत, संदेश पुसू नयेत, स्क्रीनशॉट ठेवावेत. अठरा वर्षांखालच्या मुलाचे अश्लील चित्र काढणे, बाळगणे किंवा पाठवणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६७-ब कलमाखाली आणि पॉक्सो कायद्याखाली गंभीर गुन्हा आहे. त्यात गुन्हेगार पाठवणारा असतो, ज्या मुलीचे चित्र आहे ती नव्हे. ही ओळ बापांनी दोनदा वाचावी, अशी आमची विनंती आहे.

कपाटाचा खण

ती मुलगी चौदाव्या दिवशी शाळेत परत आली. वडील सोडायला आले होते. फाटकाजवळ थांबून ते म्हणाले, "मॅडम, मी विचारलंच नाही तिला काही." आम्ही म्हणालो, "आम्हीही विचारलं नव्हतं." यापेक्षा जास्त बोलणे झाले नाही. ती आता दहावीत आहे. गणितात थोडी कच्ची आहे, म्हणून तिसऱ्या बाकावरून पहिल्या बाकावर बसवली आहे.

त्या मुलालाही आम्ही विसरलो नाही. त्याच्या वडिलांनी त्याला मुलीच्या घरी नेले आणि दादींसमोर माफी मागायला लावली. दादींनी त्याला पाणी दिले आणि म्हणाल्या, "तुझ्या बहिणीचा फोटो असता तर?" त्याला उत्तर देता आले नाही.

आमच्या शाळेत मोबाइल आणण्याची बंदी अजूनही आहे आणि कपाटाचा खणही आहे. नियमात फक्त एक वाक्य वाढवले: पालकांना कळवण्यापूर्वी वर्गशिक्षक विद्यार्थ्याशी एकांतात बोलतील. गेल्या वर्षभरात असे बोलताना तीन मुलांनी आम्हाला अशा गोष्टी सांगितल्या, ज्या घरी सांगितल्या नव्हत्या. तिघांच्याही घरी आम्ही स्वतः गेलो आणि तिघेही शाळेत येत आहेत.

अल्लाह आपल्या सर्वांच्या लेकरांचे रक्षण करो आणि त्यांचे ऐकून घेण्याइतका सब्र आपल्याला देवो. आमीन.